तोंडओळख

तोंडओळख म्हणजे आमच्याकडे एवढंच:
दाभोळच्या जेटीवर मान हलली,
"बरंय ना?" "बरंय."
आणि लाँच सुटली.
नाव कधी कळतं, कधी वर्षभर कळत नाही,
त्यावाचून कुणाचं अडत नाही.

पहिल्यांदा शारजाला उतरलो तेव्हा
काउंटरमागे एक जाडसर माणूस होता,
पांढऱ्या कंदुऱ्याच्या बाहीला शाईचा डाग.
पासपोर्टातला मी मिशीवाला, समोरचा सफाचट;
हाजरानं निघायच्या आदल्या रात्री हट्टानं काढायला लावलेली.
"वेन शनब?"
मला तेव्हा अरबीतलं अक्षर येत नव्हतं.
त्यानं स्वतःच्या ओठावर बोटानं रेघ ओढली,
हसला, पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा मला,
आणि ठप्प.
त्या शिक्क्याची शाई अंगठ्याला लागून
रोला चौकापर्यंत माझ्याबरोबर आली.

शंका घेतली त्यानं माझी.
पण शंकेला कान असतात,
समोरचा काही बोलेल म्हणून ती थांबते.

आता बोगदा आहे. निळसर उजेड.
टोपी काढा, चष्मा काढा, पावलांच्या खुणेवर उभे राहा.
अक्कलदाढ काढून गाल सुजला होता तेव्हा गेलो,
ओळखलं.
करोनानंतर छातीपर्यंत दाढी घेऊन गेलो,
ओळखलं.
माझ्या बावीस वर्षांतली शेवटची सहा
पासपोर्टाच्या एकाही पानावर उमटलेली नाहीत.
ती कुठे ठेवलीत, ते मला कुणी दाखवत नाही.

आम्ही मापारी.
पणजोबा खोतांच्या खळ्यावर भात मापायचे.
पहिल्या मापाला "एक" म्हणत नसत, "बरकत" म्हणत,
आणि माप शिगोशीग भरत,
म्हणजे थोडं सांडायचं,
सांडलेलं ते चिमण्यांचं.
आता माझंच माप निघतं:
भुवईपासून भुवई, नाकाच्या शेंड्यापासून हनुवटी.
काही सांडत नाही.

गावात सादिकच्या दुकानाची उधारी थकली
की मशिदीमागच्या पाखाडीनं जायचं.
याला तोंड चुकवणं म्हणतात.
तोही जाणून असायचा,
पाखाडीच्या टोकाशी येऊन
कधी उभा राहिला नाही.

चार महिने झाले कंपनी बंद पडून.
रोज सातला इस्त्रीचा शर्ट घालून निघतो,
खोलीतल्या पाचजणांना वाटतं, कामावर.
आधी बाग, मग खाडीचा कठडा,
ऊन चढलं की मॉलमधला सोफा,
जिथे छताला दर दहा पावलांवर
एक काळी वाटी उपडी टांगलेली.
एका दिरहमचा कडक चहा दीड तास पुरवतो.
हे कुणालाच ठाऊक नाही.
म्हणजे, माणसांत कुणालाच.

विचाराल, लपवण्यासारखं आहे काय तुझ्यापाशी?
एक उतरलेलं तोंड आहे.
ते मला माझ्या उंबऱ्यात, माझ्या वेळेला,
हातपाय धुऊन झाल्यावर दाखवायचं होतं.

परवाचं तिकीट आहे.
व्हिसा रद्द झाल्याची तारीख बोगद्याला पाठ असेल.
तरी हिरवा दिवा लागेल,
दार सरकेल,
कुणी "का चाललास?" विचारणार नाही.

काल असरनंतर हाजराचा व्हिडिओ कॉल.
"तोंड का उतरलंय?"
"झोप नाही झाली. ओव्हरटाइम होता."
ती बघत राहिली. भुवया, डोळे, हनुवटी,
सगळं तिनंही मापलं.
मग फोन फिरवला अंगणाकडे:
"बघा, बोंबील वाळत घातलेत.
मांजर बसलंय टपून."

बराच वेळ ती मला
बोंबीलच दाखवत राहिली.